मुठीतलं अंतर

सकाळी ९.३०. पुण्यात बसून अमेरिकेतल्या पेटंट अर्जांचे मसुदे लिहायचे, हे माझं काम. आज चाकणच्या एका इंजिनिअरची व्यायामाची सायकल आली आहे: हँडल धरलं की पडद्यावर हृदयाचे ठोके. परदेशात अर्ज करण्याच्या परवानगीचा फॉर्म २५ आधी भरून टाकला. चित्रं सुरेख आहेत, मजकुरात मात्र ‘इलेक्ट्रोड योग्य अंतरावर’ एवढंच. योग्य म्हणजे किती?

११ वाजता अशाच हँडलचं, बायोसिग या कंपनीचं १९९४चं पेटंट उघडलं. हँडल घट्ट आवळलं की हाताचे स्नायूही विजेचे संदेश सोडतात आणि त्या गोंगाटात हृदयाचा बारीक संदेश बुडतो. बायोसिगने प्रत्येक मुठीखाली दोन-दोन इलेक्ट्रोड बसवले. स्नायूंचा संदेश दोन्ही हातांकडून सारखा येतो, हृदयाचा मात्र एकमेकांच्या उलट. एकातून दुसरा वजा केला की स्नायू गप्प, हृदय शिल्लक. देखणी कल्पना! पण क्लेममध्ये, म्हणजे हक्काची हद्द सांगणाऱ्या कलमात, लिहिलंय काय, तर दोन इलेक्ट्रोड एकमेकांपासून ‘अंतर राखून’. आकडा नाहीच.

१.१५. डबा खाताना ज्युनिअर विचारतो, “मॅडम, एवढ्यासाठी थेट सुप्रीम कोर्ट?”

एवढ्यासाठीच. बायोसिगने व्यायामाची यंत्रं बनवणाऱ्या नॉटिलसला अमेरिकेत कोर्टात खेचलं. खालच्या कोर्टाने पेटंट अस्पष्ट म्हणून बाद केलं, २०१३मध्ये पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट कोर्टाने तो निकाल फिरवला: अर्थ लावणं अशक्यच असेल तर बाद, एरवी चालेल. ही ढिलाई २ जून २०१४ला सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी एकमताच्या निकालात संपवली. क्लेमची हद्द जाणकाराला वाजवी खात्रीने कळलीच पाहिजे. आणि २०१५मध्ये? नवी फूटपट्टी लावूनही फेडरल सर्किटने तेच पेटंट पुन्हा तारलं! अंतर हाताच्या रुंदीहून जास्त नको, दोन्ही इलेक्ट्रोड एकच होतील इतकं कमीही नको. मधलं जाणकार चाचणी करून ठरवेल. मला विचाराल तर बायोसिगचं नशीब थोर. त्या भरवशावर मी मसुदा लिहिणार नाही.

४ वाजता अंतराचा आकडा मागायला चाकणला फोन. “मॅडम, मुठीचं रबर बदललं की आकडा बदलतो हो.” मग प्रत्येक रबराचा वेगळा मोजा, म्हटलं.

संध्याकाळी ७.३०. न्यूयॉर्कचे वकील लाइनवर. त्यांना आकडा नकोच: आपण वीस मिलिमीटर लिहिलं तर दुसरा कोणी एकवीस करून मोकळा होईल. बरोबर आहे. तासभर घासाघीस झाली. मुख्य क्लेममध्ये गोंगाट किती उतरला पाहिजे ते आणि तो मोजायची रीत, आकडे पोटक्लेममध्ये, रबरांचा तक्ता वर्णनात. मापं शुक्रवारी येणार. तोवर तक्त्याचे रकाने रिकामे ठेवून फाइल सेव्ह केली.