ओळख आधी नाकाने

होसकोटे हे कालपरवापर्यंत कोलारच्या वाटेवरचे तालुक्याचे गाव होते. व्हाइटफील्डची आयटी वस्ती पूर्वेकडे सरकत इथवर पोहोचली, चेन्नईचा द्रुतगती महामार्ग इथून सुरू झाला आणि गावाभोवतीच्या शेतजमिनींवर उंच इमारती उभ्या राहू लागल्या. या इमारतींत मांजर पाळण्याची रीतही बदलली आहे. चौथ्या मजल्यावरचे मांजर परसात जात नाही की कौलांवरून शेजाऱ्याकडे उतरत नाही. दोन-तीन खोल्या आणि जाळी लावलेली बाल्कनी एवढेच त्याचे जग असते. अशा घरात दुसरे पिल्लू दत्तक आणले जाते तेव्हा हेतू चांगलाच असतो. रस्त्यावरच्या एका जिवाला आसरा मिळावा आणि घरातल्या मांजराला सोबत व्हावी, असे वाटत असते. पण पिल्लू पिशवीतून काढून थेट हॉलमध्ये ठेवले की जुने मांजर पाठीची कमान करून फिस्कारते, मग पलंगाखाली दडून बसते, खाणे टाकते, कधी गादीवर मुतते. घरचे म्हणतात, त्याला मत्सर वाटतो, चार दिवसांत सवय होईल. हे निदान चुकीचे आहे आणि त्यावर बेतलेला उपायही चुकीचा आहे. मांजर परक्याला आधी वासाने ओळखते, मग आवाजाने आणि शेवटी डोळ्यांनी. आपण ओळख करून देताना हा क्रम उलटा करतो, आणि बहुतेक भांडणांचे मूळ तिथे असते.

मांजर असे का वागते, हे त्याच्या पूर्वजांकडे पाहिले की कळते. २००७ साली कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी जवळपास हजार मांजरांच्या जनुकांची तुलना करून दाखवले, की जगभरची पाळीव मांजरे पश्चिम आशियातल्या रानमांजरांपासून आली. धान्याच्या कोठारांत उंदीर वाढले आणि उंदरांमागे ही रानमांजरे माणसाच्या वस्तीजवळ आली. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे, म्हणजे हा सहवास जुना आहे. पण तेवढ्या काळात मांजराचा मूळ स्वभाव फारसा बदललेला नाही. रानमांजर एकटे हिंडते, कारण त्याची शिकार लहान असते. एका उंदरात एकाचेच पोट भरते. कळपाने शिकार करणाऱ्या लांडग्यांना रोज एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते, म्हणून शरण जाण्याच्या आणि समजूत घालण्याच्या खुणा त्यांच्यात विकसित झाल्या आणि त्या कुत्र्यांकडे आल्या. मांजराजवळ असा ठेवा फार तोकडा आहे. परके मांजर दिसले तर लांब जाणे, हा त्याचा मुख्य मार्ग. बंद घरात नेमका तोच मार्ग उरत नाही.

मग मांजरे एकत्र राहतच नाहीत का? राहतात, आणि आनंदाने राहतात. मासळी बाजारात किंवा गोठ्यात, जिथे एका जागी भरपूर खायला मिळते, तिथे मांजरांचे गट बनतात. ब्रिटनमधल्या शेतांवर १९७०च्या दशकापासून झालेल्या निरीक्षणांत या गटांची रचना दिसून आली. गाभा असतो तो आई, मुली, मावश्या अशा नात्यातल्या माद्यांचा. त्या एकमेकींना चाटतात, अंगाला अंग घासतात, एकमेकींची पिल्ले पाजतात. सतत घासण्याने आणि चाटण्याने गटाचा एक समाईक वास तयार होतो. तो वास ज्याच्या अंगाला आहे तो आपला. बाहेरून आलेल्या मांजराला हा गट सहसा हुसकावून लावतो, आणि घेतलेच तर बऱ्याच दिवसांच्या दुरून पाहण्यानंतर घेतो. दत्तक आणलेल्या पिल्लाला घरातले मांजर सामावून घेऊ शकते, याची आशा या निरीक्षणातच आहे. पण त्यासाठी समाईक वास आणि वेळ या दोन्ही गोष्टी लागतात, ही अटही त्यातच आहे.

वासाचे हे तंत्र किती बारीक आहे, ते पाहण्यासारखे आहे. मांजराच्या गालांत, हनुवटीत, कपाळाच्या बाजूंना आणि पंजाच्या बोटांमध्ये वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात. खुर्चीच्या पायाला ते गाल घासते, सोफा नखांनी ओरबाडते, तेव्हा तिथे आपली खूण ठेवत असते. टाळूजवळ जेकबसन अवयव नावाचे वेगळे गंधेंद्रिय असते. तोंड किंचित उघडे ठेवून, वरचा ओठ ओढून मांजर स्तब्ध होते, तेव्हा ते या अवयवाकडे वास पोहोचवत असते. पॅट्रिक पाजा या फ्रेंच पशुवैद्याने १९९०च्या दशकात गालावरच्या स्रावांतले घटक वेगळे केले आणि त्यांतल्या एकाचा संबंध परिचित, सुरक्षित जागेशी असल्याचे मांडले. जपानचे मसाओ मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले, की मांजराच्या मूत्रातल्या एका प्रथिनामुळे बोक्याच्या मुताला तो उग्र दर्प आणणारे द्रव्य तयार होते. म्हणजे आपल्याला दिसणारे घर आणि मांजराला जाणवणारे घर वेगळे आहे. त्याचे घर वासांच्या खुणांनी आखलेले असते. दवाखान्यातून परतलेल्या आपल्याच सोबत्यावर मांजर फिस्कारते, याचे कारण हेच. चेहरा ओळखीचा असतो, वास बदललेला असतो. मग रस्त्याचा, पिंजऱ्याचा, दुसऱ्या मांजरांचा वास अंगावर घेऊन आलेले पिल्लू त्याला काय वाटत असेल? त्याची आखणीच कोणी पुसायला आले, असे.

पहिल्या भेटीचे महत्त्व सर्वेक्षणांतही दिसते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली निवाऱ्यातून मांजर दत्तक घेतलेल्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवे मांजर आल्यावर सुमारे निम्म्या घरांत चावाचावी, बोचकारणे झाले होते. पहिल्याच भेटीत ज्यांचे वागणे वैराचे होते, त्यांच्यात काही महिन्यांनंतरही भांडणे जास्त होती. २०२० साली अमेरिकेतल्याच सुमारे अडीच हजार बहुमांजरी घरांच्या सर्वेक्षणात बहुसंख्य मालकांनी सांगितले, की तणावाच्या खुणा अगदी पहिल्या दिवसापासून होत्या. यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. कदाचित मुळातच तापट मांजरांची पहिली भेट वाईट होते आणि पुढचीही, मग दोष भेटीच्या पद्धतीचा कसा? सर्वेक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण भीतीचे शिक्षण एका प्रसंगातही पक्के होते, हे प्राण्यांच्या वर्तनशास्त्रात भक्कमपणे सिद्ध झालेले आहे. एकदा परक्याच्या वासाची आणि भीतीची गाठ पडली, की ती सोडवायला महिने लागतात. सावकाश ओळखीची किंमत एक खोली आणि काही आठवडे, घाईची किंमत कदाचित वर्षानुवर्षांचे वैर. एवढा फरक असताना सावधपणाच शहाणपणाचा.

ही सावकाश ओळख करायची कशी? पिल्लू घरी येण्याआधीच एक खोली रिकामी करावी. तिथे मातीचा ट्रे, पाणी, खाणे, नखे घासायला काही आणि लपायला पुठ्ठ्याचे खोके ठेवावे. पिल्लाला थेट त्या खोलीत न्यावे आणि दार लावावे. पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांना पाहूच नये. एका मऊ फडक्याने पिल्लाचे गाल पुसावेत आणि ते फडके जुन्या मांजराच्या जागेपासून थोडे दूर ठेवावे, तसेच त्याचे फडके पिल्लाकडे. दोघांचे खाणे बंद दाराच्या दोन बाजूंना, आधी लांब आणि मग हळूहळू जवळ आणावे, म्हणजे परक्या वासाबरोबर चांगले काहीतरी मिळते, ही जोड बसते. मग जागांची अदलाबदल करावी. पिल्लाने घर हुंगावे, जुन्याने पिल्लाची खोली. दाराशी दोघेही निवांत खाऊ लागले, की दृष्टिभेट. बेंगळुरूच्या घरांत डासांसाठी जाळीचे दार असते, ते इथे उपयोगी पडते. मात्र नखांनी जाळी फाटू शकते, म्हणून माणसाने समोर असावे. त्यानंतर छोट्या, देखरेखीखालच्या भेटी. मांजरांतल्या तणावाविषयी अमेरिकेतल्या मांजर-पशुवैद्यांच्या संघटनेने २०२४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा रोखही टप्प्याटप्प्याने ओळख करून देण्याकडेच आहे. जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त, खाण्या-पाण्याच्या जागा वेगवेगळ्या, आणि चढून बसायला उंच फळ्या, म्हणजे वाटणीवरून झगडायची गरज उरत नाही.

बंद खोलीचे दुसरे कारण आरोग्याचे आहे, आणि त्याचा धडा बेंगळुरूजवळच मिळालेला आहे. बन्नेरघट्टा जैविक उद्यानात २०२३च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बिबट्याची ७ बछडी फेलाइन पॅनल्युकोपेनिया या विषाणूने दगावली. त्यांना लस दिलेली होती, असे उद्यानाने सांगितले होते. हाच विषाणू घरगुती मांजरांना होतो. पांढऱ्या पेशी घटतात, उलट्या-जुलाब होतात आणि लहान पिल्ले पाहता पाहता जातात. तो घरातल्या पृष्ठभागांवर वर्षभरही टिकू शकतो, कपड्यांवरून आणि चपलांवरून फिरतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सहसा आठ-दहा दिवसांहून जास्त लागत नाहीत, म्हणून दोन आठवडे वेगळे ठेवले तर रोग असल्यास तो उघडा पडतो. सर्दी-शिंकांचा नागीणवर्गीय विषाणू तर अंगात सुप्त राहतो आणि तणावाने उसळतो. पिल्लाचे लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते. आपल्या देशात रेबीजची लसही टाळण्याजोगी नाही. जुन्या मांजराच्या लसी वेळेवर झाल्या आहेत ना, हेही त्याच फेरीत पाहावे.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की आजोळच्या वाड्यात दहा-दहा मांजरे होती, कोणी कुठे खोल्या वेगळ्या केल्या होत्या? ती मांजरे बहुधा एकाच मांजरीच्या वंशातली असत, जन्मापासून एकमेकांच्या वासात वाढलेली. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण म्हणतो. त्यात खरेखुरे निरीक्षण आहे. पिल्ले लहान असताना आई जागा बदलत राहते आणि परक्यांपासून त्यांना लपवते. म्हणजे नव्या जिवाला आधी आडोसा आणि मग ओळख, हा क्रम मांजरी स्वतःच पाळतात. शिवाय त्या वाड्याला परसदार होते, माळा होता, गल्ली होती. न पटणारे मांजर निघून जाई, मार खाल्लेला बोका दुसरा मोहल्ला धरी. किती गेली, किती मेली, याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती. होसकोट्याच्या चौथ्या मजल्यावर निघून जायला जागा नाही. जे काम तेव्हा मोकळी जागा करत होती, ते आता माणसाला विचारपूर्वक करावे लागते.

दुसरा आक्षेप अंतःकरणातून येतो. आईपासून तुटलेले एवढेसे पिल्लू खोलीत एकटे कोंडायचे, ही निर्दयता नाही का? इलीन कार्श यांच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांनुसार मांजराच्या पिल्लाची माणसांशी जवळीक जुळण्याचा सर्वांत महत्त्वाचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात असतो. त्या वयानंतर आलेल्या पिल्लालाही माणसाचा सहवास लागतोच. तो त्या खोलीत जाऊन द्यावा. खेळावे, भरवावे, मांडीवर घ्यावे. बंद जागेबद्दल बोलायचे, तर नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात क्लॉडिया विन्के आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले, काहींना दिले नाही. खोकेवाल्यांचा ताण पहिल्या काही दिवसांत लवकर ओसरला. अनोळखी जागेत लहान, आडोशाची सीमा मांजराला दिलासा देते. मोठे उघडे घर आणि त्यात एक संतापलेले मांजर, ही पिल्लाची मोकळीक नव्हे.

भेटी सुरू झाल्यावर भांडण आणि खेळ वेगळे ओळखणे हे कौशल्य आहे. स्लोव्हाकियातल्या कोशित्से इथल्या नोएमा गाय्दोश-क्मेत्सोव्हा यांच्या गटाने मांजरांच्या जोड्यांच्या चित्रफितींचा अभ्यास करून २०२३ साली तो प्रसिद्ध केला. दोघे शांतपणे, आलटून पालटून, एकमेकांशी कुस्ती खेळत असतील तर बहुधा तो खेळ असतो. गुरगुरणे, फिस्कारणे आणि एकतर्फी पाठलाग असेल तर ते वैर. सर्वांत फसवा प्रकार आवाजाचा नसतो. २०२०च्या सर्वेक्षणात सर्वाधिक दिसलेली तणावाची खूण होती टक लावून पाहणे. एक मांजर ट्रेच्या वाटेत नुसते बसून राहते आणि दुसरे दिवसभर लघवी रोखते. टोनी बफिंग्टन यांनी ओहायोत केलेल्या कामातून मूत्राशयाच्या दाहाचा ताणाशी असलेला संबंध पुढे आला. बोक्याचा मूत्रमार्ग अडला तर काही तासांत जिवावर बेतते. म्हणून गादीवर मुतणाऱ्या मांजराला ओरडण्याआधी पशुवैद्याकडे न्यावे. खिडकीबाहेरच्या कुंपणावर बसलेला रस्त्यावरचा बोकाही घरातल्या दोघांत भांडण लावू शकतो. त्याच्यावरचा राग जवळच्यावर निघतो, आणि काचेचा खालचा भाग झाकणे एवढ्याने बरेचदा तो प्रश्न मिटतो.

बाजारात मिळणाऱ्या गंधद्रव्यांच्या उपकरणांनी थोडी मदत होते, असे काही छोट्या चाचण्या सांगतात. त्यांच्या भरवशावर टप्पे गाळू नयेत. सगळी मांजरे अखेर जिवलग होतील, अशीही हमी नाही. दहा वर्षांच्या, सांधे दुखणाऱ्या मांजराला पिल्लाची धावपळ नकोशीच वाटेल, त्याला न पोहोचणारी उंच जागा आणि शांत वेळ द्यावा लागेल. यशाची खूण गळ्यात गळा घालून झोपणे ही नसून दोघांनी एका घरात निर्धास्त खाणे, झोपणे आणि ट्रेवर जाणे ही आहे. हे मान्य केले, की आपली अपेक्षाही मांजराच्या स्वभावाला न्याय देणारी होते.

घरात दुसरे मांजर पटले नाही, की शेवटी भोगते ते पिल्लू. ते निवाऱ्यात परत जाते किंवा रस्त्यावर. बेंगळुरूत कूपा ही संस्था १९९१पासून प्राण्यांना आसरा देत आली आहे. अशा ठिकाणाहून दत्तक देताना आणि घेताना एक प्रश्न ठरलेला असावा: पिल्लाची पहिली खोली कोणती? घरी ठरलेले उत्तर नसेल, तर पिल्लू आणण्याचा दिवस पुढे ढकलावा. घरातले मांजर पंधरा वर्षे आपल्यासोबत राहणार असते आणि पिल्लूही. त्या सोबतीसाठी सुरुवातीचे काही आठवडे देणे ही आपली जबाबदारी आहे, कारण भेटायचे की नाही आणि कधी भेटायचे, हे दोन्ही मांजरांसाठी आपण ठरवतो.