आर्गोस्तोलीचे दीपगृह : पडले, पण पुन्हा उभे राहिले

दीपगृह म्हटले म्हणजे समुद्रकाठचा उंच मनोरा आपल्या डोळ्यांपुढे येतो. ग्रीस देशातील केफालोनिया बेटावरचे सेंट थिओडोर दीपगृह मात्र तसे नाही. "पप्पा, हे देऊळ आहे का?" असे आमच्या लेकीने विचारले, त्यात तिचे काही चुकले नाही. पाण्याच्या अगदी काठाशी गोलाकार उभे वीस खांब, मधोमध दिव्याचा बुटका मनोरा आणि सारी उंची जेमतेम आठ मीटर!

पोस्टात वर्षानुवर्षे साठविलेल्या पैशांतून आम्ही हा प्रवास केला. म्हणून आर्गोस्तोली शहरापासून तीनेक किलोमीटर किनाऱ्याने पायीच निघालो. वाटेत एके ठिकाणी समुद्राचे पाणी जमिनीच्या भेगांत शिरून नाहीसे होते. १९६३ साली शास्त्रज्ञांनी त्यात रंग मिसळला. सुमारे चौदा दिवसांनी तो बेटाच्या पलीकडच्या बाजूला निघाला.

१८१५ ते १८६४ या काळात हे बेट इंग्रजांच्या अमलाखाली होते. १८२०च्या दशकात दीपगृह बांधले गेले, तेव्हा येथील कारभार चार्ल्स नेपियरकडे होता. पुढे १८४३ साली सिंध जिंकणारा तो हाच. त्याच्या हाताखाली बेटावरची सार्वजनिक बांधकामे जॉन पिट केनेडी पाहत असे. आपल्या मुंबईच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज असलेल्या बी. बी. सी. आय. रेल्वेच्या उभारणीत याच केनेडीचा मोठा वाटा होता.

साहेबांची नावे पुस्तकांत राहिली. पण खांब घडविणाऱ्या पाथरवटांची नावे आम्हाला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

ऑगस्ट १९५३ मध्ये भूकंपाचे एकामागून एक धक्के बसले. १२ तारखेचा सर्वांत भयंकर होता. आर्गोस्तोली जवळजवळ भुईसपाट झाले, दीपगृहही कोसळले. या भागातील बेटांवर शेकडो माणसे दगावली. अनेक कुटुंबे पोटासाठी परदेशी गेली. तरीही १९६० साली दीपगृह मूळ आराखड्याप्रमाणे पुन्हा उभारण्यात आले.

सायंकाळी दिवा लागला. लेक म्हणाली, "म्हणजे हे जुने नाही, नवे आहे?" आम्ही म्हणालो, "बाळ, रूप जुने आहे, हात नवे आहेत." ज्यांची स्वतःची घरे पडली होती, त्यांच्या बेटावर दुसऱ्यांच्या बोटींना वाट दाखविणारा दिवाही पुन्हा लागला. परतीच्या वाटेवर आम्ही तिघे बराच वेळ काही बोललो नाही.