बेथलेन गाबोर : टाळलेला राज्याभिषेक

सतराव्या शतकारंभी हंगेरी त्रिभंगलेली होती : पश्चिमेस हाब्सबर्ग सत्ता, मध्यभागी ऑटोमन अंमल आणि पूर्वेस सुलतानाचे मांडलिक ट्रान्सिल्व्हेनिया. १६१३ मध्ये तुर्की पाठबळावर बेथलेन गाबोर या मांडलिक गादीवर आला. १६१६ मध्ये त्याने लिप्पाचा किल्ला तुर्कांच्या स्वाधीन केला, हा त्याच्यावरील मोठा आक्षेप होय. परंतु ऑगस्ट १६२० मध्ये हंगेरीच्या सभेने त्याला राजा निवडले तेव्हा राजमुकुट ताब्यात असूनही त्याने राज्याभिषेक करवून घेतला नाही. अभिषेक झाला असता तर सम्राटाशी तडजोडीची वाट बंद झाली असती. निकोल्सबुर्गच्या तहात त्याने राजपद सोडले; मोबदल्यात हयातीपुरते सात परगणे मिळवले. ही माघार भित्रेपणाची नव्हे, हिशेबी होती. १६२९ मध्ये तो निवर्तला आणि ते परगणे हाब्सबर्गांकडे परतले.