लघुसंगणकावर शब्दशोधाचे साधन

मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरास पोहोचली. त्या उन्हाळ्यातील मजकूर संगणकात साठवून एखाद्या अभ्यासकाने त्यातून ‘पाणी’ हा शब्द शोधविला, तर ‘पाण्याची रेल्वे’ हा सर्वतोमुखी झालेला प्रयोग त्याच्या हाती लागणारच नाही. सामान्यरूपात ‘णी’चा ‘ण्या’ होतो, आणि यंत्र वर्णक्रम जुळवते, शब्द ओळखत नाही. शोधाचे साधन बसविणे सोपे. त्यास मराठीत प्रश्न विचारणे मात्र व्याकरणाचे काम आहे.

अशा कामास महागडा संगणक लागत नाही. केंब्रिजहून २०१२ साली विक्रीस आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा एकपाटी संगणक पुरतो. त्यावरील डेबियनाधारित प्रणालीत ‘ग्रेप’ हे केन टॉम्पसनकृत जुने शोधसाधन असतेच. तथापि शेकडो धारिकांच्या संग्रहासाठी अँड्र्यू गॅलंट यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘रिपग्रेप’ अधिक सोयीचे होय. ते आतील कप्पे आपण होऊन धुंडाळते आणि प्रक्रियकाचे सर्व गाभे कामास लावते.

बसविण्याची रीत अशी. आज्ञापटल उघडून प्रथम ‘सुडो ॲप्ट अपडेट’ व नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल रिपग्रेप’ ह्या आज्ञा रोमन लिपीत द्याव्यात. संचाचे नाव रिपग्रेप असले तरी वापरावयाची आज्ञा ‘आरजी’ एवढीच आहे. नवखा येथे हटकून अडखळतो. मेजावरील संगणकासाठी घडविलेला तयार संच येथे चालत नाही, कारण ह्या पाटीचा प्रक्रियक एआरएम जातीचा आहे. देवनागरी नीट दिसण्यासाठी चित्रमय पटलातील आज्ञाखिडकीच वापरावी.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘पाणी|पाण्या’ असा पर्यायदर्शक उभ्या रेघेचा आकृतिबंध अवतरणचिन्हांत दिला की दोन्ही रूपे सापडतात. ‘शेतकऱ्यांनी’ ह्या शब्दाची अडचण याहून सूक्ष्म आहे. त्यातील अर्धा र कोणी ‘ऱ’ ह्या स्वतंत्र वर्णाने टंकतो, तर कोणी साध्या ‘र’पुढे हलन्त व अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांस दोन्ही एकच, यंत्रास भिन्न. परिणामी कित्येक शेतकरी गणनेतून निसटतात! ‘शेतक[रऱ]’ असे चौकटी कंसात दोन्ही वर्ण ठेवले की हा दोष टळतो. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मजकूर मात्र आधी रूपांतरित केल्यावाचून कोणत्याही आकृतिबंधास दाद देत नाही.

बोलीच्या नोंदींत आणखी एक पेच आहे. लातूर-नांदेडकडे ‘करत आहेस’ याऐवजी ‘करलालास’ असे रूप ऐकू येते. ते लिहिताना कोणी ‘करुलालास’ असेही लिहितो. दोन्ही पकडावयास ‘लाल’ एवढेच शोधले, तर गुलाल आणि लाल मिरची पुढे येऊन उभ्या राहतात. ‘करु?लाल’ असा आकृतिबंध द्यावा. प्रश्नचिन्हामुळे त्याच्या लगत आधीचा वर्ण, येथे उकाराची मात्रा, ऐच्छिक ठरतो. दीर्घ ‘रू’ लिहिणाराही असतोच, त्याच्यासाठी ‘कर[ुू]?लाल’ असा पालट करावा लागतो.