एका ‘ळ’चा पाठलाग

डिझर्टेशनसाठी मी विषय लिहून नेला होता : ‘लेवा बोलीचा भाषाशास्त्रीय अभ्यास’. गाइड मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, ‘‘यातलं नेमकं काय?’’ ध्वनी, मी म्हणाले. ‘‘कुठला?’’ ळ. ‘‘कुणाच्या तोंडचा? कुणाशी बोलताना?’’ बोलणं संपलं तेव्हा कागदावरची अख्खी बोली खोडली गेली होती आणि एक अक्षर शिल्लक होतं. ‘‘आता अभ्यास करता येईल,’’ मॅडम म्हणाल्या.

डिझर्टेशनला अभ्यासक्रम नसतो, पेपर नसतो, अपेक्षित प्रश्नसंच तर नसतोच. प्रश्न आपणच ठरवायचा आणि तो असा हवा की, उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकेल. यावल-रावेरकडे लेवा बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे या बोलीची चव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मला पाहायचं होतं ते एवढंच : एकाच घरातल्या आजी, मुलगा आणि नातू यांच्या बोलण्यात हा ‘य’ किती टिकतो, आणि कुठल्या प्रसंगी त्याचा ‘ळ’ होतो?

वाचायला तसं पुष्कळ असतं. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५चा. घाटग्यांची मराठी बोलींच्या पाहणीची पुस्तकं १९६० नंतरची. पण पद्धत शिकवली ती विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने. न्यू यॉर्कमध्ये पीएच.डी. करत असताना, १९६२ साली, तो महागड्या, मध्यम आणि स्वस्त अशा तीन मोठ्या दुकानांत गेला. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची चौकशी करायची, विक्रेता ‘फोर्थ फ्लोअर’ म्हणाला की ऐकू न आल्यासारखं करून तेच पुन्हा वदवून घ्यायचं, आणि वळल्यावर वहीत टिपून ठेवायचं : ‘र’ उच्चारला की गाळला. अशी २६४ माणसं. दुकान जितकं महागडं, तितका ‘र’ जास्त. दोन शब्दांत शहराची उतरंड सापडली.

आपल्याकडे असं गुपचूप टिपून चालत नाही. आधी संमती घ्यायची, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्यायचा, मग रेकॉर्डर सुरू. खरी पंचाईत तिथेच होते. पंखा बंद करून घरातले सगळे घाम पुसत बसतात आणि आजी एकदम शाळेतल्या बाईंसारखं बोलू लागतात. शाळेचं चित्र दाखवलं की स्वच्छ ‘शाळा’. डोळ्यावर बोट ठेवलं की ‘डोळा’. माणूस ऐकलं जात नसताना कसं बोलतो, हे ऐकूनच शोधायचं असतं. लबॉव्हने या पेचाला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटलं. त्यावरचा तोडगाही त्याचाच : जिवावर बेतलेला प्रसंग विचारा. मी केळीच्या बागेत शिरलेल्या वादळाचं विचारलं. आजी सरसावून बसल्या, हात हलू लागले, आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यात ‘डोयानं पाह्यलं’ आलं. त्यानंतर चित्रांची गरज उरली नाही.

खोलीवर परतल्यावर खरं काम. मिनिटभराचं बोलणं कागदावर उतरवायला तास सहज जातो. त्यातही कान फितूर असतो : शब्द ओळखीचा असला की मेंदू नसलेला ‘ळ’ ऐकवतो. म्हणून ‘प्राट’ या सॉफ्टवेअरमध्ये दोन स्वरांमधला तेवढाच तुकडा कापायचा आणि आवाजाच्या आलेखावरचे काळे पट्टे पाहायचे. दुसरा पट्टा झपकन वर चढून तिसऱ्याजवळ गेला, तर ‘य’. ‘ळ’मध्ये तो तसा चढत नाही. काही तुकडे दोन्हींच्या मधले निघतात. त्यांना ओढूनताणून एका बाजूला बसवायचं नाही. त्यांचा वेगळा रकाना करायचा, आणि तोच तुकडा विषय ठाऊक नसलेल्या मैत्रिणीला ऐकवायचा. एक्सेलमध्ये प्रत्येक उच्चाराला एक ओळ : कोण, वय, आधीचा स्वर कोणता, समोर कोण बसलं होतं.

या शेवटच्या रकान्यानेच विषय फिरवला. नातू माझ्याशी बोलताना ‘ळ’ वापरायचा आणि आजीला हाक मारून काही विचारलं की त्याच दमात ‘य’. मी वयानुसार उतरता आलेख गृहीत धरून बसले होते. आकडे सांगत होते की, निदान या घरात तरी वयापेक्षा समोरचा माणूस महत्त्वाचा. ‘‘बोली मरते आहे’’ हे वाक्य प्रस्तावनेतून काढावं लागलं. वाक्य भावुक होतं, खपलंही असतं. पण माझ्याजवळ त्याला पुरावा नव्हता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बोलीच्या गोडव्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘तुमचं म्हणणं खोटं ठरायला कसले उच्चार सापडायला हवे होते?’’ मी सांगू शकले, कारण अख्खी बोली पहिल्याच दिवशी खोडली गेली होती.