वाळूतील न दिसणारा कचरा

समुद्रकिनाऱ्याची सफाई होते, तेव्हा बाटल्या, पिशव्या, तुटकी जाळी आणि दोरखंड यांचे ढीग जमतात. ते उचलून नेले, की किनारा स्वच्छ झाला, असे सर्वांस वाटते. १९९३ साली इंग्लंड व आयर्लंड यांच्या दरम्यान असलेल्या आइल ऑफ मॅन या बेटावर अशाच एका सफाईत रिचर्ड थॉम्प्सन हे तरुण संशोधक सहभागी झाले होते. मोठ्या वस्तूंची नोंद तेथे काळजीपूर्वक होत होती. परंतु वाळूत मिसळलेले प्लास्टिकचे बारीक तुकडे कोणीच मोजत नव्हते. हे तुकडे किती असतील, आणि त्यांचे पुढे काय होत असेल, हा प्रश्न थॉम्प्सन यांच्या मनात घर करून राहिला.

पुढे प्लिमथ येथील विद्यापीठात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. किनाऱ्यांवरची वाळू आणून त्यांनी ती मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळली. जड वाळू तळाशी बसली; हलके कण वर तरंगले. ते गाळून घेऊन त्यांनी अवरक्त किरणांच्या साहाय्याने तपासले. त्यांत नायलॉन, पॉलिएस्टर अशा कृत्रिम पदार्थांचे तंतू व तुकडे आढळले. कित्येक तर केसाहूनही बारीक होते.

हे केव्हापासून घडत आले असावे? याचे उत्तर जुन्या संग्रहात मिळाले. १९३१ सालापासून व्यापारी जहाजांच्या मागे एक यंत्र बांधून समुद्रातील प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, रेशमी पट्टीवर गोळा केले जात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील समुद्रातून मिळालेल्या अशा पट्ट्या जपून ठेवलेल्या होत्या. १९६० नंतरच्या पट्ट्यांतही प्लास्टिकचे तंतू सापडले, आणि पुढील दशकांत त्यांची संख्या वाढत गेली होती. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून अशा कणांस ‘मायक्रोप्लास्टिक’ हे नाव रूढ झाले. आज पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांस हे नाव देतात.

सूर्यप्रकाशाने प्लास्टिक ठिसूळ होते, लाटांच्या माऱ्याने फुटते. पण ते लाकडाप्रमाणे कुजून मातीस मिळत नाही. म्हणूनच धोका आहे. वाळू गिळून तीतील अन्न घेणारे कृमी, तसेच पाणी गाळून जगणारे खडकावरील कवचधारी जीव हे कण खातात, असे प्रयोगांत दिसून आले. मोठी पिशवी ज्यांच्या तोंडात मावणार नाही, अशा जिवांच्या पोटात तिचे तुकडे सहज जातात. आणि हेच जीव माशांचे व पक्ष्यांचे अन्न आहेत.

वाळूतून हे कण वेचून काढणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून ते जेथून निघतात, त्या उगमाकडे लक्ष वळले. सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू निघू शकतात, असे थॉम्प्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिले. चेहरा धुण्याच्या काही प्रसाधनांत प्लास्टिकचे सूक्ष्म मणी घालीत असत. त्यांवर ब्रिटनने २०१८ साली बंदी घातली.

एखादी वस्तू दिसेनाशी होणे आणि ती नाहीशी होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. इतरांनी ज्यांची मोजदाद केली नाही, ते तुकडे मोजावयास थॉम्प्सन बसले. म्हणून हा भेद जगास कळला.