कलिंगडाची कोशिंबीर : चिरली की खाल्ली

चैत्र उजाडला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे पेशंट वाढतात. पहिले उन्हाने गळाठलेले. तोंडाला कोरड, डोके जड, "डॉक्टर, घास खाली उतरत नाही" ही तक्रार. दुसरे जुलाब-उलट्यांचे. गंमत अशी की पहिल्या प्रकारच्या पेशंटला मी सांगतो, पाणीदार फळे खा. आणि त्यातलाच एखादा आठ दिवसांनी दुसऱ्या प्रकारात मोडून परत येतो. विचारले तर एसटी स्टँडवर गाड्यावरची कापून ठेवलेली लालभडक फोड खाल्लेली असते, नाहीतर कुठल्यातरी लग्नात वाटीभर फ्रूट सॅलड चापलेले असते. म्हणजे सल्ला बरोबर, फळही बरोबर, चुकले ते चिरण्याच्या आणि खाण्याच्या मधल्या वेळेत.

म्हणून या आठवड्यात फळांचे गुणगान करण्याऐवजी फळांची कोशिंबीर कशी आणि मुख्य म्हणजे कधी करावी, ते लिहितो आहे. हे मी पुस्तकात वाचले होतेच, पण खऱ्या अर्थाने शिकलो ते स्वतःच्या चुकीतून.

२०१४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. पुतणीचा साखरपुडा आमच्या घरी होता. शंभर-सव्वाशे माणसे. आचाऱ्याने नेहमीची काकडीची कोशिंबीर सांगितली. मी डॉक्टर असल्यामुळे मला गप्प बसवेना. म्हणालो, ऊन फार आहे, कोशिंबिरीत कलिंगड आणि खरबूज घाला, लोकांना बरे वाटेल. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ते ऐन वाढायच्या वेळेला चिरावं लागतं. पाणी सुटतं." मी म्हणालो, दुपारी गडबड होईल, सकाळीच चिरून मीठ लावून ठेवा. त्याने मान हलवली आणि सांगितले तसे केले. सकाळी सातला चिरलेली फळे मोठ्या पातेल्यात फडक्याखाली, शेगडीपासून दहा फुटांवर. मुहूर्त बाराचा. पहिली पंगत बसली तेव्हा दोन वाजत आले होते.

रात्री दहापासून फोन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौदा जणांना जुलाब, त्यातल्या सहा जणांना उलट्याही. त्या चौदा जणांत माझी आई होती, तेव्हा पंचाहत्तर वर्षांची. पहाटे तिचा हात हातात घेतला तर थंडगार, नाडी दोऱ्यासारखी, जीभ कोरडी. लघवी रात्रीपासून झालेली नव्हती. मी पंचवीस वर्षांत शेकडो लोकांना सलाइन लावले असेल, पण आईच्या हाताची शीर शोधताना माझा हात दोनदा चुकला. दोन दिवसांनी ती उठून बसली.

शौचाची तपासणी कोणाची केली नाही, त्यामुळे जंतूचे नाव मी सांगू शकत नाही. मात्र एक गोष्ट नंतर बसून पडताळली. तिसऱ्या पंगतीला कोशिंबीर पुरली नव्हती. वरण-भात, भाजी, जिलेबी, मठ्ठा सगळ्यांनी खाल्ला होता. आजारी पडलेले चौदाही जण पहिल्या दोन पंगतींतले होते, तिसऱ्या पंगतीतला एकही नाही. यापेक्षा मला वेगळा पुरावा नको होता. आई बरी झाल्यावर एवढेच म्हणाली, "तुझ्या आजीनं कधी चिरलेलं कलिंगड मुक्कामाला ठेवलं नाही. एक फोडलं की सगळ्या वाड्याला वाटायची."

आजीला जंतुशास्त्र ठाऊक नव्हते, पण तिचा नियम शास्त्राला धरून होता. फळाच्या सालीवर माती असते, शेणखताचे अंश असतात, दहा हातांचा मळ असतो. कलिंगड तर जमिनीवरच लोळत वाढते. पूर्वी ते नदीच्या वाळवंटातल्या वाड्यांत पिकायचे, आता मल्चिंग पेपरवर पिकते, पण जमिनीशी संबंध सुटलेला नाही. न धुतलेल्या फळात सुरी घातली की सालीवरचे जंतू पात्याबरोबर थेट गरात उतरतात. खरबुजाची साल जाळीदार, तिच्या खाचांत ते अधिकच दडून बसतात. आत त्यांना काय मिळते? पाणी, साखर आणि ऊब. कैरी, लिंबू, चिंच यांच्या आंबटपणात बहुतेक जंतूंची वाढ रोखली जाते. कलिंगड आणि खरबूज ही मात्र गोड, जवळजवळ आंबटपणा नसलेली फळे. तिथे साल्मोनेलासारखे जंतू सुखाने वाढतात. चिरलेले फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच, असा साधारण नियम आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात सावलीतसुद्धा ३२ अंश कुठे असतात? म्हणजे आपल्यासाठी तासाचाच नियम. माझे पातेले सात तास मांडवात होते.

वाईट भाग असा की वास बदलत नाही, चवही बदलत नाही. फळ नासलेले कळते, जंतू वाढलेले कळत नाहीत.

फ्रिजचे काय, असे गृहिणी विचारतील. फ्रिज पाच अंशांखाली असेल तर चिरलेले फळ झाकून दिवसभर राहते. पण उन्हाळ्यात वीज जाते, पोरे दर दहा मिनिटांनी दार उघडतात. म्हणून मी सांगतो, फ्रिजमध्ये अख्खे कलिंगड ठेवा, चिरलेले नको. फ्रिज नसेल तर ओल्या पोत्यात गुंडाळून मोरीच्या गारव्याला ठेवा. आमच्या लहानपणी ते बादलीत घालून आडात सोडायचे. संध्याकाळी वर काढले की दात शिवशिवत.

आता कोशिंबीर. चार माणसांचे प्रमाण सांगतो. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी ही मीच करतो.

कलिंगड आधी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, पुसा आणि मगच चिरा. सुरी किंवा विळीही धुतलेली हवी. मटण-मासे चिरलेल्या फळीवर फळ ठेवू नका. कलिंगडाच्या बिया काढलेल्या बोटभर फोडी दोन वाट्या. एक मोठी काकडी, साल ठेवून बारीक चोचवलेली. आधी टोक कापून चाखून बघा, कडू निघाली तर सगळा खेळ बिघडतो. अर्धी कैरी किसून. मूठभर डाळिंबाचे दाणे मिळाले तर उत्तम, नाहीतर राहू द्या. कोथिंबीर, पुदिन्याची आठ-दहा पाने. भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट तीन चमचे. कूट फार बारीक केला तर लगदा होतो.

चमचाभर तेलाची फोडणी करा. मोहरी, जिरे, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता. ती खाली उतरवून कोमट होऊ द्या. कढत फोडणी कलिंगडावर ओतली तर फोडी मऊ पडतात. पाने मांडा, माणसे बसवा, भाकरी वाढा आणि तेव्हा फळे, कूट, फोडणी एकत्र करा. मीठ अगदी शेवटी, पाव चमचा. वर अर्धे लिंबू.

मीठ शेवटी का? मीठ लागले की फळाच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. दहा मिनिटांत कोशिंबिरीचे सार होते आणि मग ते पाणी आपण ओतून देतो. ज्या पाण्यासाठी कलिंगड आणले तेच मोरीत जाते. शिवाय पाणी सुटले की चव अळणी लागते म्हणून आणखी मीठ पडते. आचारी मला हेच सांगत होता.

कलिंगडात शंभरातले नव्वदहून अधिक भाग पाणी, काकडीत त्याहून थोडे जास्त. उन्हातून आलेल्या माणसाला जेवण जात नाही, तेव्हा ही आंबट-गोड-तिखट वाटी घास पुढे ढकलते. आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. बाजरीच्या भाकरीत, मेथीच्या भाजीत लोह असते, पण ते शरीरात मुरायला अडते. कैरी, लिंबू, पेरू यांतले क जीवनसत्त्व ती अडचण कमी करते, तेही एकाच जेवणात खाल्ले तर. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की उलटे होते. आमच्या भागात बायका सगळ्यांचे झाल्यावर जेवतात आणि तोवर कोशिंबीर संपलेली असते. वाटीभर आधी बाजूला काढा, पण न चिरलेली; काकडी, कैरी आणि लिंबू तसेच ठेवा. त्यांचे जेवण सुरू होताना चिरायला तीन मिनिटे लागतात, आणि ती चिरायला घरातल्या पुरुषाचे हात झिजत नाहीत.

कलिंगडाचा सालीलगतचा पांढरा भाग फेकू नका. किसून, पिळून थालीपिठात घाला. त्याचीच दही घालून केलेली कोशिंबीर दुधी-काकडीसारखी लागते. दही मात्र ताजे आणि तेही वाढताना. फळ आणि दही एकत्र खावे का, असे पेशंट विचारतात. वैद्य मंडळींना ते मान्य नसते. मला माझ्या व्यवसायात त्याने कोणाला बाधा झालेली दिसली नाही. केळ्याची दह्यातली कोशिंबीर आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. द्राक्षांचा हंगाम असेल तर ती अर्धी चिरून घाला. पेरू घातलात तर त्याला फोडणी थोडी तिखट हवी.

डायबेटिसवाल्यांचे काय? एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे येतात. अभिमानाने म्हणाले, "शुगर निघाल्यापासून सहा वर्षं फळाला शिवलो नाही." चौकशी केली तर दिवसाला साखरेचे चार चहा आणि प्रत्येकाबरोबर दोन बिस्किटे. शंभर ग्रॅम कलिंगडात सुमारे सहा ग्रॅम साखर असते, चिकूत त्याच्या दुपटीहून जास्त. वर सांगितलेल्या कोशिंबिरीची एक वाटी, जिच्यात निम्मी काकडी आणि वर दाण्याचा कूट आहे, शुगर आटोक्यात असलेल्या माणसाने जेवणात खायला हरकत नाही. त्या दिवशी अर्धी भाकरी कमी करावी. रस मात्र नको. ग्लासभर रसात तीन-चार मोसंब्या जातात, चोथा टाकला जातो आणि साखर झरकन रक्तात येते. गुरुजींनी बिस्किटे सोडली आहेत, चहावर अजून बोलणी चालू आहेत.

ब्लडप्रेशरच्या पेशंटचा एक ठरलेला युक्तिवाद असतो, "मी साधं मीठ खात नाही, सैंधव खातो." सैंधव काय, पादेलोण काय, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, यापेक्षा जास्त मीठ नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे त्यातच धरा. कैरी आणि लिंबू असेल तर कोशिंबिरीत मीठ नसले तरी जिभेला फारसे कळत नाही. करून बघा.

किडनीचा विकार असलेल्यांनी मात्र हा लेख वाचून काही सुरू करू नये. अशा पेशंटच्या रक्तात पोटॅशियम साठते आणि ते वाढले तर हृदयाची लय बिघडते. फळांत पोटॅशियम असते. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात तर मुद्दाम घातलेले असते. कोणते फळ, किती, हे आपल्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून विचारावे.

गाड्यावरचे खाऊच नका असे म्हणणे सोपे आहे, पण तळपत्या उन्हात गाडीची वाट बघणारा माणूस काय करणार? अशा वेळी अख्खे फळ घ्या. केळे, मोसंबे. कलिंगडच हवे असेल तर समोर कापून घ्या, बर्फावर ठेवलेली फोड नको. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात त्याला निळसर रंग देणे बंधनकारक केले गेले. पण बर्फ पांढरा दिसला म्हणून तो कुठल्या पाण्याचा, कुठल्या गोणपाटातून आला, हे कळत नाही.

आणि जुलाब लागलेच, तर कलिंगडावर भागवू नका. ओआरएसचे पाकीट आणा. मिळाले नाही तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, आणि ते घोट घोट पाजत राहा. लघवी बंद झाली, माणूस ग्लानीत गेला, शौचातून रक्त पडले किंवा लहान मूल पिईनासे झाले, तर सकाळची वाट बघू नका. माझ्या आईच्या वेळी मी घरातच होतो, तरी ती रात्र जड गेली.

तिने आता पंच्याऐंशी ओलांडली आहे. काकडी चावत नाही म्हणून तिच्यापुरती किसून घालतो आणि कूट बारीक करतो. वाटी पुढे ठेवली की ती अजून आधी विचारते, "कधी चिरलंस?"